आधी पाल्याला हात लाव

त्या वर्षी एकाही लग्नात ते गाणं चुकत नव्हतं. मुंबईत बनलेलं, झकपक, आणि उसाच्या फडात चित्रित केलेलं. पोरगी म्हणजे उसाचं कांडं, सोलायचं आणि चोखायचं, एवढाच त्याचा अर्थ. फडात नाचणाऱ्या नटीचे दंड उघडे होते आणि त्यांवर एकही ओरखडा नव्हता.

माझी मैत्रीण शिरोळची. सुट्टीत घरच्या उसाचा पाला काढायला जाते तेव्हा भावाचा लांब बाह्यांचा जुना शर्ट घालते, तरी मनगटावर लाल रेघा उठतातच. कॉलेजच्या कँटीनमध्ये ते गाणं लागलं की पोरं तिच्याकडं बघून हसायची. एकदा तिनं चहा तसाच ठेवला.

"ह्याला उत्तर पायजे. लिही तू."

मी पत्रकांवर वाढलेली. आमच्या घरी जेवायला बसायचं तर आधी वडिलांच्या मोर्च्यांच्या पत्रकांचे गठ्ठे सरकवावे लागत. मी लिहिलं ते उत्तर दोन पानांचं झालं. त्यात मागण्या होत्या आणि शेवटी 'जाहीर निषेध' होता.

शिवाजी पेठेतला एक पोरगा लग्नांत डीजे वाजवायचा आणि घरच्या माळ्यावर लॅपटॉपवर गाणी जुळवायचा. त्यानं माझी पानं वाचली.

"ताई, ह्यावर लोकांनी नाचायचं का सह्या करायच्या?"

मैत्रीण पोट धरून हसली. मग तिनंच बसल्या बसल्या म्हटलं:

आधी पाल्याला लाव रं हात,
मग सांग मला उसाची बात.

त्यानं खाली हलगीचा ठेका टाकला. माळ्याची पत्र्याची भिंत थरथरायला लागली. गाणं झालं होतं.

भांडण झालं टॅगवरून. आमच्याकडं प्रत्येक डीजे गाण्याच्या सुरुवातीला आपलं नाव खणखणीत आवाजात ठोकतो, त्याला टॅग म्हणतात. त्यानं फक्त स्वतःचं नाव ठोकलं होतं. मैत्रिणीला त्यात तिचंही हवं होतं.

"तुझं नाव कशाला? घरात कळलं तर जड जाईल."

त्याचं खोटं नव्हतं. घरात तिच्यासाठी स्थळं बघत होते, आणि तिथं तिच्या थोरल्या चुलत्यांचा, आप्पांचा शब्द चालायचा. खाली नाव नसलेलं पत्रक माझे वडील कुणाला वाटू देत नसत. निनावी कागदाला ते भित्र्याचा कागद म्हणायचे. पण इथं नाव तिचं जाणार होतं, माझं नाही. म्हणून ठरवणं मी तिच्यावर सोडलं. ती उठली, माईकसमोर गेली आणि स्वतःचं नाव, पुढं गावाचं नाव, दोन्ही बोलून आली.

"आता वाजव."

आमचं गाणं कुठल्या कंपनीनं काढलं नाही. या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिलं, ट्रॅक्टरवर वाजायला लागलं. आप्पांच्या कानावर मात्र ते आलं नव्हतं. आलं ते त्यांच्या लेकीच्या हळदीला, त्यांच्याच अंगणात.

डीजेवाला आमचाच होता. संध्याकाळी त्यानं आधी मुंबईचं गाणं लावलं. पावणे नाचले, आप्पांनीही मान डोलावली. मग आमचं लागलं. तिचं नाव अंगणभर दणाणलं आणि हलगी सुरू व्हायच्या आत आप्पा उठले.

"बंद कर ते."

बंद झालं.

"कुणी करायला लावलं हे हिला?"

"कुणी न्हाय, आप्पा," मैत्रीण म्हणाली. "माझं मीच केलंय."

"गावाचं नाव घालताना लाज न्हाय वाटली?"

"मघाचं गाणं चाललं की तुम्हाला. त्यातल्यासारखा फड आपलाबी हाय, आन् त्यात पाला काढायला मीच असते."

आप्पांनी तिला आत जायला सांगितलं. ती हलली नाही. तेवढ्यात पाटावरून, हळदीनं माखलेली नवरी बोलली.

"लाव ते परत."

"तू गप बस."

"आज माझी हळद हाय, आप्पा."

हळदीच्या दिवशी नवरीचा शब्द कुणी मोडत नाही. आप्पांनी आजूबाजूला पाहिलं. पावणे त्यांच्याकडंच बघत होते. ते खुर्चीत बसले आणि तोंड फिरवून घेतलं.

डीजेवाल्यानं मैत्रिणीकडं पाहिलं. "कुठनं लावू? हलगीपासनं?"

"नावापासनं," ती म्हणाली.