डावीकडे ओढणारी गाडी

आमच्या पिकअपवर माझा पहिल्यापासून राग होता. लष्कराच्या लिलावातलं ते जुनं धूड बाहत्तरच्या दुष्काळात, गवताला मोल आलं तेव्हा घरी आलं. आमच्या दिघाशी गावच्या शेतांतून गवत भरायचं आणि भिवंडीतल्या तबेल्यांना पोचवायचं, हा माझ्या नवऱ्याचा धंदा. बांध ओलांडताना गाडीचं पोट घासायचं, म्हणून ह्यांनी स्प्रिंगांना जादा पाटे घालून ती उंच करून घेतली. मग तर मला चढून बसायला एक हात दाराला आणि एक ह्यांच्या खांद्याला लावावा लागे. "इमानात बसायची सवय कर," म्हणून हे वर हसत.

एका हंगामात ह्यांची तक्रार सुरू झाली. गाडी डावीकडे ओढते, ब्रेकही नीट लागत नाही. भिवंडीच्या धामणकर नाक्यावर एक मिस्त्री होता. लूमवर काम करायला उत्तरेकडून आलेला, पण ग्रीसमध्ये रमलेला. त्याने गाडीखाली जाऊन पाहिलं आणि सगळा दोष त्या उंचीला दिला. खोटं नव्हतं ते. ब्रेकचा रबरी पाइप जुन्याच लांबीचा होता, चाक खड्ड्यात उतरलं की ताणला जायचा. स्टिअरिंगचा दांडाही तिरका झाला होता. पाइप बदलला, दांडा नीट बसवला. दुखणं सापडलं म्हणून मी नाक्यावरून जिलबीसुद्धा आणली. आणि थोड्याच दिवसांत हे पुन्हा म्हणाले, ओढते.

मग ब्रेकचे ड्रम उघडले, लायनर बदलले, एकेक पाटाही काढून पाहिला. ओढणं थांबेना.

घरी माझी वेगळीच कटकट चालू होती. ह्यांच्या ताटाभोवती भाताची शितं सांडलेली असत. उजव्या पायातली चप्पल वाटेत गळून पडायची, तिचं टोक घासून पार झिजलेलं. शर्टाचं बटण भलत्याच काजात. "त्या गाडीपायी तुमचं ध्यान कुठं हाय?" मी करवादायची. हे गप्प बसत. एरवी एका शब्दाला दोन शब्द देणारा माणूस, पण मला त्याचंही काही वाटलं नाही. गाडीचा नाद, दुसरं काय!

आणि दुसऱ्या कुणी गाडी चालवून पाहावी, तर तशी सोय नव्हती. दसऱ्याला गाडी पुजली की होळीपर्यंत स्टिअरिंगला परका हात लागू द्यायचा नाही. ह्यांच्या वडिलांनी हा नेम बैलगाडीच्या कासऱ्याला पाळला, ह्यांनी तो मोटारीला लावला. त्यामुळे दुरुस्तीनंतरची चक्करही हेच मारत. मिस्त्री नुसता बाजूला उभा राहून ऐके.

शेवटी एका सकाळी मिस्त्रीचं डोकं फिरलं. हातातला पाना त्याने जमिनीवर आपटला. "सेठ, एक बार मुझे चलाने दो. नहीं तो गाड़ी दूसरे को दिखाओ."

मी बाजाराला म्हणून बरोबर आले होते. ह्यांनी काचेला लटकणाऱ्या दसऱ्याच्या हाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही बसंल बाजूला. हीच सांगंल, ओढते का न्हाय."

मी बसले. मिस्त्रीने गाडी नाक्याबाहेर, जरा मोकळ्या रस्त्याला आणली आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून मला दाखवले. गाडी सरळ चालली होती. मग त्याने ब्रेक दाबला. ती जागच्या जागी उभी राहिली. त्याने पुन्हा तसंच केलं, पुन्हा तेच. तो पुढे बघतच हळू आवाजात म्हणाला, "भाभी, गाड़ी में कुछ नहीं है."

परत आलो तेव्हा हे गॅरेजच्या दाराला टेकून विडी पेटवत होते. उजव्या हातातली काडी पेटीवर घासली जात नव्हती, नुसती फिरत होती. काडी खाली पडली, त्यांनी दुसरी काढली. भाताची शितं, चप्पल, बटण, सगळं मला एकदम दिसलं. ब्रेक दाबायचा पाय उजवा. उजवा हात सुटला की स्टिअरिंग ओढणार ते डावाच. मला रस्त्यातच बसून रडावंसं वाटलं.

"काय गं, ओढते ना?" ह्यांनी विचारलं. ह्या माणसाने माझ्याकडे इतक्या आशेने कधी बघितलं नव्हतं.

"ओढते," मी म्हणाले. "लय ओढते. अशी गाडी रस्त्याला न्हाय आणायची."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. त्याने पाना उचलला आणि पुन्हा गाडीखाली शिरला. खालूनच ओरडला, "बंबई से पार्ट मंगाना पड़ेगा, सेठ. टाइम लगेगा."

तो पार्ट कधीच आला नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी मेंदूत गाठ सांगितली आणि करण्यासारखं काही उरलेलं नाही, हेही सांगितलं. अंगात बळ होतं तोवर हे एसटीने नाक्यावर जात आणि बंद गाडीत स्टिअरिंगसमोर बसत. मिस्त्री एखादा नट काढून पुन्हा बसवी. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पुढे हे अंथरुणाला खिळले आणि गाडी विकावी लागली. घेणारा ती गॅरेजमधून आमच्या दारापुढे घेऊन आला, ह्यांचा निरोप घ्यायला. दसऱ्याचा सुकलेला हार अजून काचेला लटकत होता. मी ह्यांची खाट खिडकीशी ओढून दिली. गाडी वळली आणि बांधाच्या कडेने अगदी नीट, सरळ निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत हे बघत राहिले.

जीभ जड झाली होती. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"त्याला सांगितलंस ना? डावीकडं ओढते म्हून?"

"सांगितलं," मी म्हणाले आणि त्यांचा उजवा हात उचलून माझ्या मांडीवर घेतला.