धड्यात रुमाल नाही

मुलीची वेणी घालताना माझं अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं, तेवढ्यात दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या विज्ञानाच्या बाई. माझ्या मुलीच्या वर्गाला त्याच शिकवतात. मुलं त्यांना पाठीमागे 'का-बाई' म्हणतात. उत्तर बरोबर आलं तरी त्यांचं पुढे 'का?' असतंच.

"वहिनी, हेडसर माझा प्रश्न रद्द करायला निघालेत."

प्रश्न परवाच्या पेपरातला. एक ओला रुमाल सावलीत, वाऱ्यावर. दुसरा उन्हात, पण बंद खिडकीच्या आत. आधी कुठला वाळेल? ते कसं तपासाल? तुमच्या शब्दांत लिहा.

हेडसरांनी पेपरावर सही ठोकली होती, न वाचता. काल काही पालक तावातावाने आले, तेव्हा कुठे चष्मा लावला आणि बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, धड्यात रुमाल कुठाय?"

"धडा बाष्पीभवनाचा आहे, सर."

"असेल. रुमाल नाही ना? बरं, आदर्श उत्तर काय?"

"एकच नाही. कारण पटलं, तपासायची रीत जमली, की गुण."

"म्हणजे ज्याने त्याने आपल्या मनाचं लिहायचं? अहो, 'तुमच्या शब्दांत'चं उत्तर गाइडात छापलेलं असतं!"

असतंच. मागच्या परीक्षेत अख्ख्या वर्गाचे 'स्वतःचे शब्द' एकच निघाले, छपाईच्या चुकीसकट. 'बाप्पीभवन' लिहून पोरांनी पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि शाळेने फळ्यावर अभिनंदन झळकवलं. आम्ही पालक तर त्याहून थोर. पोराला डोकं खाजवावं लागलं की आमच्याच पोटात दुखतं.

"मग ठरलं काय?" मी विचारलं.

"आणखी एक जरी पालक आला, तरी प्रश्न रद्द, सगळ्यांना फुकट गुण. कोरं सोडणाऱ्यालासुद्धा. आणि पुढचे पेपर मी काढायचे नाहीत, गाइडातून उतरवायचे." बाई खुर्चीत टेकल्या. "काहींनी काय सुंदर लिहिलंय, वहिनी! एकीने तर विचारलंय, दोन्ही रुमाल एकाच कापडाचे आहेत का? ते सगळं पाण्यात जाईल."

मुलगी अर्धी वेणी घेऊन वळली. "बाई, मी अख्खी व्याख्या लिहिली होती!"

"लिहिलीस. पण विचारलं होतं का ते?"

मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिला त्या प्रश्नात शून्य आहे. तुम्ही तक्रार करायला येऊ नका, एवढंच."