साधेबुवांची साधी कॉफी

साधेबुवांइतकं साधं राहायचं म्हणजे काही चेष्टा नाही. त्याला फार खटाटोप लागतो, आणि तो सगळा खटाटोप इतरांना करावा लागतो.

साधेबुवा हे नाव गल्लीने ठेवलेलं. ठेवताना गल्ली तोंड फिरवून हसत होती, पण बुवांना ती पदवी वाटली आणि त्यांनी ती मिरवायला घेतली. धंदा चित्रांना, फोटोंना फ्रेम करून देण्याचा. दुकानात नमुन्याचे कोपरे भिंतीवर टांगलेले असत. काळ्या आणि तपकिरी, बोटभर रुंदीच्या पट्ट्या खाली, हाताशी. सोनेरी, वेलबुट्टीच्या, कोरीव पट्ट्या पार छताजवळ, शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशा. गिऱ्हाईकाने मान वर करून बोट दाखवलंच, तर बुवा शिडीकडे बघायचेसुद्धा नाहीत. "ती लावलीत तर लोक फ्रेम बघतील. चित्र कोण बघणार?" असं म्हणून खालची काळी पट्टी काउंटरवर ठेवायचे. गिऱ्हाईक मूग गिळून गप्प. जवळपास दुसरं दुकान नव्हतं आणि खोटं कशाला बोला, माणसाचा हात सोन्यासारखा होता. कोपऱ्याचा सांधा असा बसवायचे की नख शिरायचं नाही.

त्याच दुकानात बायकोचा फोटोही होता. ती जाऊन काही वर्षं झाली होती. बिचारीला आयुष्यभर फुलाफुलांचे पडदे, सोनेरी काठाचे कप, असलं सगळं आवडायचं, म्हणून ती शेजारणीकडे जाऊन ते बघून यायची. घरात पडदे करड्या रंगाचे. फोटोला फ्रेम कसली, तर काळी, बोटभर. कुणी फोटोकडे पाहिलं की बुवा अभिमानाने सांगायचे, "माझ्यासारखीच होती. अगदी साधी."

आता बुवा घरी एकटे. मुलगी लग्न करून लांबच्या शहरात, रविवारी फोन करायची. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." "काय?" "साधंच." प्रत्यक्षात ओट्यापाशी उभ्याउभ्या भांड्यातूनच चार घास खायचे. एकट्यासाठी ताट कुठे मांडायचं, असं त्यांना वाटायचं, आणि ते वाटणं त्यांना आवडायचं नाही.

दुकानासमोर कॉफीचं दुकान होतं. चालवणारा पूर्वी ट्रक चालवायचा. अंगाने दांडगा, मिशाळ, आणि स्वभावाने इतका सोशिक की घाटात पुढे बैलगाडी आली तरी हॉर्न वाजवला नसेल. बुवा रोज संध्याकाळी दुकान बंद करून तिथे जात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत, "आपली एक साधी कॉफी." आजूबाजूला लोक क्रीम, चॉकलेट, रंगीत सरबतं घातलेले उंच ग्लास घेऊन बसलेले असायचे. त्यांच्याकडे बुवा शाळेतल्या मास्तरासारखं बघायचे. नाकाने कांदे सोलायची त्यांना भारी हौस.

आणि ही साधी कॉफी कशी? कोरी, बिनसाखरेची. इथपर्यंत ठीक. पण कप पांढरा हवा. त्यावर चित्र नको, दुकानाचं नाव नको, कानापाशी टवका उडालेला नको. तो आधी गरम पाण्याने विसळायचा आणि पुसायचा नाही, निथळू द्यायचा. पाणी उकळलं की लगेच ओतायचं नाही, त्याला जरा दम खाऊ द्यायचा. कॉफी काठाच्या बोटभर खाली. बशीत बिस्किट नको, ते भिजतं. चमचा नको. "ढवळायचंय काय त्यात? तुमचं नशीब?" कपाचा कान उजवीकडे. यातलं काहीही चुकलं की कप परत. मागे रांगेत उभी असलेली माणसं या पायावरून त्या पायावर होत. कॉफीवाला तेवढ्या वेळात चौघांचे क्रीमचे डोंगर रचून देई आणि मग बुवांच्या कपाकडे वळे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ते हे असं.

या मुसळाची गोष्ट पुढे न्यायची, तर चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना आत बोलवावं लागेल.

बाई बुवांच्या शेजारच्याच दुकानात काउंटरवर होत्या. नवरा तरुणपणीच सोडून गेलेला, आणि त्याची आठवण काढताना बाई रडायच्या नाहीत, मनापासून हसायच्या. त्या चित्रकलेच्या वर्गाला जात. एकदा स्वतः रंगवलेली होडी घेऊन बुवांकडे आल्या. निळं पाणी, लाल होडी, शिडावर पिवळे पट्टे. त्यांनी मान वर करून सोनेरी पट्टीकडे बोट दाखवलं. आठवड्याने होडी मिळाली ती काळ्या पट्टीत.

"तुमच्या भल्याचंच केलंय," बुवा म्हणाले.

बाईंनी चित्र हातात धरून पाहिलं. "माझ्या होडीने काय गुन्हा केला हो? सरळ तुरुंगात टाकलीत." आणि इतक्या खळखळून हसल्या की बुवांनाही हसू आलं, जे सहसा येत नसे. "राहू दे इथेच. शिक्षा संपली की नेईन," असं म्हणून त्या निघाल्या, आणि बुवा नकळत त्यांच्या मागोमाग रस्ता ओलांडून कॉफीच्या दुकानात गेले. त्या दिवसापासून खिडकीजवळचं टेबल दोघांचं झालं.

बाई जे पीत त्याला फळ्यावर 'ढगातला राजवाडा' असं नाव होतं. हे नाव कॉफीवाल्याने स्वतः ठेवलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. उंच ग्लासात तळाला जळक्या साखरेचा पाक, वर कॉफी, वर दूध, वर क्रीमचा उंच ढीग, ढिगावर चॉकलेटचा कीस आणि माथ्यावर एक वेफर खोचलेलं. सोबत लांब दांड्याचा चमचा. बुवांनी ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. ते त्याला 'तुमचा तो ढिगारा' म्हणत.

"आला तुमचा ढिगारा. रात्रीचा स्वयंपाक वाचला म्हणायचा."

"यात कॉफी कुठंय? शोधायला माणूस लावला पाहिजे."

"लहान मुलांना देतात असलं. मोठ्या माणसांच्या जिभेला काही चव असते."

बाई सुरुवातीला हसायच्या. मग स्मित करायच्या. मग नुसत्या खिडकीबाहेर बघत चमचा चाटायच्या. बुवांना यातला फरक कळला नाही. आपले विनोद अजून तितकेच छान जमतायत असा त्यांचा समज होता.

मग एक दिवस बाईंनी सांगितलं की पुढच्या महिन्यात त्यांची नोकरी संपतेय. धाकट्या बहिणीचं समुद्राकाठच्या गावात घर आहे, तिने वरची खोली रिकामी करून ठेवलीय आणि रोज विचारतेय, ताई, येतेस ना? दुसऱ्या दिवशी बुवांनी पट्टी आखूड कापली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग दुसरी घेतली, तीही आखूड कापली. ते करवत खाली ठेवून बसून राहिले. संध्याकाळचं ते टेबल रिकामं दिसायला लागलं, त्यामागे घरचा ओटा दिसायला लागला, आणि बुवा भ्याले. सरळच सांगायचं तर भ्याले.

त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदाच कपाचा कान डावीकडे आहे हे पाहूनही तक्रार केली नाही.

"बाई, जाऊ नका," ते म्हणाले. "घर आहे माझं. दोन खोल्या आहेत. दोघांची ताटं मांडायला मिळाली तर मला बरं वाटेल. रीतसर लग्न करू. साधंच."

बाईंनी चमचा खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. "खरं सांगू का बुवा, मलाही जायचं नाहीये. तिथे बहिणीची मांजरं आहेत, आणि बहीण त्यांच्याहून जास्त ओरबाडते. तुमची मला सवय झालीय. माणूस म्हणून तुम्ही वाईट नाही."

"मग झालं तर."

"नाही झालं. तुमच्याबरोबर राहायचं म्हणजे रोज सकाळी माझ्या कपात, माझ्या ताटात, माझ्या अंगावरच्या कपड्यांत तुमचं मत येऊन बसणार. ते मत एक दिवस घराबाहेर ठेवता येतं का, एवढं मला बघायचंय. उद्या इथे या. मी पिते ते मागवा, नाव घेऊन. मला देतात तसंच घ्या आणि संपवा. तोंड वाकडं करायचं नाही, एक अक्षर बोलायचं नाही. एवढं जमलं तर मी बहिणीला नाही म्हणून कळवते."

आता एवढ्याशा अटीवर कुणाचं लग्न अडलंय का? एक ग्लास गोड दूध. लहान मुलं मागून मागून पितात. बुवा हसत हसत घरी गेले. आरशासमोर उभे राहून त्यांनी नाव घेऊन पाहिलं. "ढगातला राजवाडा." पहिल्यांदा खोकला आला, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी नीट जमलं. मग त्यांनी कपाटातून दोन ताटं काढली, धुतली आणि टेबलावर समोरासमोर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बुवा आले. बाई खिडकीजवळ बसल्या होत्या, त्यांचा ग्लास समोर होता, पण चमचा अजून लावला नव्हता. त्या वाट बघत होत्या. बुवा काउंटरपाशी गेले, त्यांनी घसा साफ केला आणि भर दुकानात म्हणाले, "एक ढगातला राजवाडा."

कॉफीवाल्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. मग त्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. त्याने कपाटातला सगळ्यात चांगला उंच ग्लास काढला, पुसला, आणि तळाला पाक ओतायला हात उचलला.

इथे बुवांनी गप्प राहायचं होतं. एवढंच.

"पाक जरा बेताने," बुवा म्हणाले.

"बेताने म्हणजे किती?"

"म्हणजे तळाला बसतो तो. शेवटी सगळा तोंडात येणार. तो राहूच दे."

कॉफीवाल्याने पाकाची बाटली खाली ठेवली. "क्रीम घालतो मग जास्त."

"क्रीमने ओठाला ओशट लागतं. नाही घातलं तर चालणार नाही का?"

"चालेल," कॉफीवाला हळूच म्हणाला. "पण मग चॉकलेट कशावर टाकू?"

"तेच तर. क्रीम नाही तर चॉकलेट तरी कशाला? आणि ते बिस्किट नको खोचू, भिजतं."

"दूध?"

"दुधाने कॉफीची चव मरते, हे तुलाही माहीत आहे."

कॉफीवाला ग्लास हातात धरून उभा राहिला. त्याने एकदा खिडकीकडे पाहिलं, मग डोळ्यांनी बुवांना विनवलं, की अहो, पुरे आता. पण पालथ्या घड्यावर पाणी.

"आणि हा ग्लास भाजतो हाताला," बुवा म्हणाले. "कपातच दे. पांढऱ्या. विसळून."

"मग राहिलं काय यात, बुवा?"

"नाव राहिलं की. नाव मी घेतलं. सगळ्यांनी ऐकलंय. पैसेही राजवाड्याचेच घे, मला फुकटचं काही नको."

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आणि तो वाळा घेऊन, म्हणजे कोरी बिनसाखरेची कॉफी घेऊन, बुवा खिडकीपाशी आले ते जिंकून आल्यासारखे. खुर्ची ओढून बसले. "मागवला. नावानिशी."

बाईंनी कपात पाहिलं. मग बराच वेळ बुवांकडे पाहिलं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची त्यांना सवय होती, पण यांच्यासाठी त्यांच्या दुकानात काच नव्हती.

"तुमच्या मंडळींना कसली फ्रेम आवडायची हो?" त्यांनी विचारलं.

"तिला? साधीच."

"त्या म्हणाल्या होत्या तसं?"

बुवांनी कपाचा कान उजवीकडे फिरवला. "विचारायची वेळ कधी आली नाही," ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली. त्यांनी वेफर मोडून खाल्लं, क्रीम खाल्लं, कॉफी प्यायली, तळाचा पाक लांब चमच्याने खरवडून खरवडून संपवला. घाई केली नाही. सगळं संपल्यावर रुमालाने ओठ टिपले आणि पिशवी खांद्याला अडकवली.

"येते मी, बुवा. बहिणीला हो म्हणून कळवायचंय."

"अहो पण मी मागवला ना," बुवा म्हणाले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "तुमची होडी? ती तरी घेऊन जा."

"राहू दे तुमच्याकडेच. त्या पट्टीत ती आता माझी कुठे राहिलीय?"

दार उघडलं आणि मिटलं. खिडकीतून बाई रस्ता ओलांडताना दिसल्या, मग दिसेनाशा झाल्या. कॉफीवाला काउंटरमागून बाहेर आला आणि बुवांच्या टेबलाशी नुसता उभा राहिला. शेवटी त्याने विचारलं, "काका, काही आणू का?"

बुवांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला, आणि कप खाली ठेवला.

"पाण्याला दम खाऊ दिला नाहीस," ते म्हणाले, आणि कप परत पाठवला.