पारोशा तोंडाची टेस्ट

मालकांनी वॉशबेसिनमध्ये दुसऱ्यांदा ओकारी काढली, टॉवेलने तोंड पुसलं आणि मला सांगितलं, "कांबळेबाई, ही बॅचही गेली." मागे ब्रश घेऊन उभे असलेले वर्क्स मॅनेजर बर्वे लगेच पुढे सरसावले. दोनदा ब्रश फिरवून त्यांनीही ओकारी काढली. मग परचेसवाल्यांनी, मग अकाउंट्सवाल्यांनी. ऑपरेशन एकट्या मालकांचं झालं होतं, मळमळ सगळ्या ऑफिसर लोकांना होत होती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. चिंचवडला आमची टूथपेस्टची छोटी कंपनी होती आणि मी तिथे क्वालिटी कंट्रोल केमिस्ट होते. बॅच म्हणजे मिक्सरमध्ये एका वेळी कालवलेली पेस्ट. तिच्यात खडूची बारीक भुकटी, ग्लिसरीन, पेपरमिंटचं तेल आणि फेस येण्यासाठी साबणासारखी एक पावडर. मी लॅबमध्ये सगळं तपासून सही करायचे, पण त्या सहीला कोण विचारतो? मालक घरून दात न घासता, चहाचा घोटही न घेता यायचे आणि ऑफिसात नव्या बॅचने दात घासायचे. पारोशा तोंडालाच पेस्टची खरी चव कळते, असा त्यांचा सिद्धांत होता. शेवटी दोन बोटं पार घशापर्यंत घालून जीभ घासायची, तीही अशी की गेटवरच्या वॉचमनला ऐकू जावं. ते "ओके" म्हणाले की फिलिंगची लाईन, म्हणजे ट्यूबमध्ये पेस्ट भरायचं मशिन, सुरू व्हायची.

पूर्वी हे निभून जायचं. मग मालक परदेशात जाऊन वजन कमी करायचं ऑपरेशन करून आले. आमच्याकडे तोवर असलं काही कुणी ऐकलंही नव्हतं. जठराचा बराचसा भाग बंद करून वाटीएवढाच चालू ठेवायचा, म्हणजे माणूस थोडं थोडंच खातो. मालक आले ते ढगळ कोटात, आणि पहिल्याच सकाळी पेस्ट तोंडात घेताच त्यांना उमळून आलं. पेस्ट तीच होती. पण मालकांचं पोट बिघडलंय असं म्हणण्यापेक्षा बॅच बिघडलीय म्हणणं सगळ्यांना सोयीचं होतं.

लाईन बंद पडली. फिलिंगला तळवडे-चिखलीकडच्या बायका रोजंदारीवर होत्या. त्यांना गेटवरूनच परत पाठवायला लागले. त्यांच्यातली सगळ्यात जुनी शेवंताबाई मला गेटवर गाठायची.

"बाई, आज बी न्हाई का?"

"नाही."

"पेस्टला काय झालंय?"

"पेस्टला काहीच झालेलं नाही."

"मंग आमी घरी कशापायी?"

शेवटी एक दिवस मी मालकांना सरळ विचारलं, डॉक्टरांनी सकाळी काय खायला सांगितलंय? उठल्याबरोबर भाताची पेज, ते म्हणाले, पण तोंड न धुता माणूस खाईल कसा? मी म्हटलं, शिवलेलं पोट, तेही रिकामं. त्यात पेपरमिंटचा उग्र वास, घशात उतरणारा फेस आणि वर दोन बोटं. धडधाकट माणसालाही उलटी होईल. घरी नुसती चूळ भरा, पेज घ्या, मग इथे वाटाण्याएवढीच पेस्ट घ्या आणि जिभेला काही दिवस सुट्टी द्या.

बर्वे म्हणाले, "तुम्ही केमिस्ट आहात, डॉक्टर नाही." मालकांनी तर पुढची बॅच बिघडली की दुसरा केमिस्ट बघू, असं सुनावलं. मला असा संताप आला की हातातली ट्यूब पिळून निघाली. माझं घर माझ्या पगारावर चालत होतं.

पुढच्या बॅचच्या दिवशी मी निरोप धाडला की पेस्टमधली हवा काढायचं काम चालू आहे, सॅम्पल दुपारी येईल. हवा राहिली तर ट्यूब फुसफुसते, म्हणून व्हॅक्युम लावून ती काढतात. त्याला वेळ लागतो हे खरं, पण इतका नाही. मालकांनी दुपारपर्यंत वाट पाहिली, मग भूक आवरेना. चूळ भरून त्यांनी डब्यातला दहीभात खाल्ला. त्यानंतर अर्ध्या तासाने मी सॅम्पल नेलं आणि ब्रशवर पेस्ट स्वतःच्या हाताने लावली, अगदी जराशी.

मालकांनी सावकाश दात घासले. पोट भरलेलं होतं म्हणून जिभेच्या वाटेला ते गेले नाहीत. चूळ भरली, थांबले, छातीवर हात ठेवून पाहिला.

"याला म्हणतात पेस्ट," ते म्हणाले.

बर्व्यांनी घासून पाहिली आणि केवढा फरक पडलाय म्हणाले. परचेसवाल्यांना चवही सौम्य वाटली.

मी सॅम्पलची ट्यूब बॅच नंबरचं लेबल वर येईल अशी टेबलावर ठेवली. "साहेब, ही तुम्ही पहिल्या दिवशी नापास केलेली बॅच आहे."

मालकांनी लेबल दोनदा वाचलं आणि बर्व्यांकडे पाहिलं.

"मला ऑपरेशनमुळे झाली. तुम्हाला का उलटी झाली होती?"

बर्वे म्हणाले, "साहेब, तुम्हाला झाली म्हणून."

त्याच दुपारी अडकलेल्या सगळ्या बॅच पास झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाई आणि बाकीच्या बायका आत आल्या. सॅम्पल यापुढे जेवणानंतर घ्यायचं, असं सर्क्युलर निघालं. त्यावर सुधारणा सुचवणारे म्हणून बर्व्यांचं नाव होतं. मला मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, चार लोकांसमोर असं बोलायला नको होतं.

पुढे बऱ्याच कंपन्यांत क्वालिटी कंट्रोल केलं. नापास मालाचं मला कधी भय वाटलं नाही. बॅच नापास झाली की मी आधी तपासणाऱ्याला विचारते, जेवलात का?