आईच्या साडीची पिशवी

आई गेल्यावर तिच्या सुती साड्या मी फरीदाबादच्या एका संस्थेला देऊन टाकल्या. तिथल्या बायका जुन्या साड्या फाडून त्यांच्या पट्ट्या हातमागावर विणतात आणि त्या कापडाच्या पिशव्या, बटवे शिवतात. फेअर ट्रेडचा माल, म्हणजे करणारीच्या हातात कामाचे नीट पैसे पडतात. बहुतेक परदेशी जातो. कपाट रिकामं करताना मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. इस्त्रीवाल्याला कपडे द्यावेत तसा मी गठ्ठा बांधला.

बाबांनी तेव्हा हूं की चूं केलं नाही. जन्म केंद्र सरकारच्या नोकरीत गेलेला माणूस. तेराव्यापर्यंतचं सगळं त्यांनी फाईल हातावेगळी करावी तसं उरकलं. डोळ्यांतून टिपूस नाही. मग एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "तिच्या साडीची पिशवी झाली असेल ना आता? आणायला कधी जायचं?"

मला उशिरा उलगडा झाला. आपल्याकडे गोधडी शिवणारीला जुनी लुगडी दिली की त्याच लुगड्यांची गोधडी घरी येते. बाबांनी इथेही तेच धरलं होतं. त्यांच्या लेखी साड्या दिलेल्या नव्हत्याच, शिवायला टाकल्या होत्या. मी समजावायच्या भानगडीत पडले नाही. त्यांनी एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाहीत. शनिवारी गाडी काढली.

संस्थेतल्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. बाबांनी सरळ विचारलं, मेरी मिसेस की साडी का बॅग कौनसा है? बाईंनी शांतपणे सांगितलं की घरोघरच्या साड्या आल्या की फाडून रंगाप्रमाणे वेगळ्या करतात आणि मागावर एकत्रच विणतात. "अंकल, अब तो सब मिल गया. किसकी कौनसी थी, कैसे बताएँ?"

बाबा उठले. पॅकिंगच्या टेबलावरची एकेक पिशवी खिडकीपाशी नेऊन पाहू लागले. चष्मा लावून, मग चष्मा काढून. बायका शिवण थांबवून बघत होत्या. मला लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. बऱ्याच वेळाने एका करड्या पिशवीवर त्यांचं बोट थांबलं. मधून एक बारीक निळी रेघ गेली होती.

"ही तिची निळी ना?" ते म्हणाले. "तुला माहीत असेल. घड्या तूच घातल्यास."

घड्या मीच घातल्या होत्या, आणि मला त्यांतली एकही साडी आठवत नव्हती. निळी होती की नव्हती, काठ कसले होते, काहीच नाही.

"हो बाबा. तिचीच."

पिशवी तोंडाशी धरून ते रडले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, अगदी मोठ्याने. बाईंनी पाणी आणलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं की आता निघालो नाही तर घरी जाताना बदरपूरला ट्रॅफिक जाममध्ये अडकू.