कंत्राटावरच्या माणसांचा प्रश्न

आमच्या घरात "आज काय केलंस?" हा प्रश्न बंद आहे. मुलगा मोहालीच्या एका कंपनीत लागला, त्याच आठवड्यात त्याने हे जाहीर करून टाकलं. कंपनी सैन्यासाठी संगणकाचं काहीतरी काम करते, एवढंच आम्हाला ठाऊक. फोन फाटकावर जमा करायचे आणि घरी आल्यावर कामाबद्दल तोंड उघडायचं नाही. "जेवलास का?" एवढं विचारायची मात्र परवानगी आहे. मी सांगलीची. हिच्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्मायचाय, असं माझा नवरा पाहुण्यांना सांगत असतो. तो इथे चंदीगडला डॉक्टर आहे आणि लग्न झाल्यापासून माझं ऐकून घेतोय. त्याच्या मते मी आजवर कुणाचंच ऐकलेलं नाही. पण या एका बाबतीत माझीही हाताची घडी, तोंडावर बोट.

गंमत अशी की प्रश्न विचारणं हाच माझा धंदा आहे. मी इथल्या विद्यापीठात कायदा शिकवते आणि कित्येक वर्षं एकाच विषयाच्या मागे लागले आहे. सैन्य संगणकातून जी लढाई करतं, तिच्यावर संसदेची नजर असते का, नसेल तर ती कशी असावी? तोफ डागली तर चार गावांना ऐकू जातं. पण इथे बसून दुसऱ्या देशातली एखादी यंत्रणा बंद पाडली, तर शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही पत्ता लागत नाही. मग लोकांनी निवडून दिलेल्यांनी जाब विचारायचा तरी कशाच्या आधारावर? वर्गात मी हे इतक्या तावातावाने बोलते की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी राहतात. "गुप्तता ठेवा, पण ती कुठवर ठेवायची हे विचारणारं कुणीतरी पाहिजेच," हे माझं ठरलेलं वाक्य. आणि संध्याकाळी आमच्या झिरकपूरच्या फ्लॅटवर येऊन मी त्याच कामातल्या माणसाला पोळी वाढते नि विचारते, "भाजी कशी झालीय?"

तरी आईला कळायचं ते कळतंच. एरवी त्याचा डबा चाटूनपुसून रिकामा येतो. एखाद्या दिवशी तो तसाच भरलेला परत येतो, त्याच्या आवडीची भेंडी असली तरी. त्या दिवशी तो मोजेही न काढता पलंगावर आडवा होतो. मग दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र मी मुद्दाम उघडत नाही. कुठे काय बंद पडलं ते वाचून मला डब्याशी जुळवायचं नसतं. अभ्यासकाला असं डोळे मिटून बसणं शोभत नाही, हे मला कळतं आणि त्याचा संतापही येतो. तो कुणावर काढायचा हे कळत नाही, म्हणून नवऱ्यावर निघतो.

या वर्षी संसदेची एक समिती दौऱ्यावर चंदीगडला यायची होती आणि तिने मला बोलावलं. या कामावर देखरेख कशी ठेवावी, मंत्रालयाला काय काय विचारावं, यावर आधी टिपण पाठवा आणि मग समोर येऊन बोला, असं सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं लिहिलेलं कुणीतरी वाचलं होतं! मला आभाळ ठेंगणं झालं.

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर लिहायला बसले. प्रश्न भराभर सुचत गेले. आदेश कोण देतं, त्याची नोंद राहते का, नंतर निदान बंद दाराआड तरी समितीला सांगतात का. मग एक प्रश्न असा उतरला की मी स्वतःवरच खूश झाले. निविदा, भरतीच्या जाहिराती, सगळं उघड्यावरचंच वाचून मला वाटत होतं की यातली पुष्कळ माणसं गणवेशातली नसणार, कंत्राटावरची असणार. मी लिहिलं, 'सैन्याच्या वतीने अशी कारवाई करणारा माणूस कंत्राटी असेल, तर त्याला आदेश लेखी मिळतो का? उद्या चुकून एखादं इस्पितळ बंद पडलं, तर जबाबदार कोण, आदेश देणारा की कळ दाबणारा? सैनिकाला असतं ते कायद्याचं संरक्षण याला आहे का?'

देवाशपथ सांगते, लिहिताना मुलगा माझ्या डोक्यातही नव्हता. मला ती कुणी दुसऱ्यांची मुलं वाटत होती.

तो चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसला. तो इथेच वाढला. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. 'आई' एवढी हाक मराठी.

"आई, वो कमिटी वाला है? दिखाओ ना."

पहिले प्रश्न वाचताना हसत होता. "सही है यार, पक्का प्रोफेसर." मग थांबला. कप खाली ठेवला.

"हा काढ."

आजी गेली त्या दिवसानंतर मी त्याच्या तोंडून सरळ मराठी ऐकलं ते तेव्हा.

"का काढू?"

"काढ, आई. लोकांना वाटेल मी सांगितलं."

"तू कुठे काय सांगितलंस? हे सगळं जाहीर कागदांत आहे."

"ते कोण मानणार?"

इतके महिने त्याने चकार शब्द काढला नव्हता आणि आता एका 'काढ'मध्ये सगळं सांगून मोकळा झाला होता. तोही कंत्राटावरचा, कळ दाबणाऱ्यांतलाच होता आणि त्याच्याकडे लेखी काही नव्हतं.

"अरे, मग हा प्रश्न तुझ्यासाठीच आहे!" मी ओरडलेच. "कुणी विचारला नाही तर उद्या सगळं तुझ्यावर शेकेल."

"आणि तू विचारलास तर आजच शेकेल."

पुढचे काही दिवस मी नुसती चडफडत होते. समितीला नाही म्हणावं, तर कारण द्यावं लागणार आणि कारण म्हणजे तोच. प्रश्न सहकाऱ्याच्या हातून पाठवावा, तर वाक्य कुणाचं हे सगळे ओळखणार. "सोड ती नोकरी," म्हटलं, तर तो म्हणाला की करार आहे, असं सोडता येत नाही. आपल्याच घरात, आपल्याच विषयात मी अशी अडकले होते. शेवटी प्रश्न काढला आणि टिपण पाठवून दिलं.

बैठक एका हॉटेलच्या दालनात होती. काजूच्या बश्या, पाण्याच्या बाटल्या, दहा-बारा खासदार. मी तासभर बरी बोलले. शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढला. वयस्कर गृहस्थ, टिपण खरोखर वाचून आलेले. "मैडम, कुछ ऐसा है जो हमें पूछना चाहिए और हम पूछ नहीं रहे?"

अवघी नोकरी मी या एका वाक्याची वाट पाहण्यात घालवली होती. मी पाण्याचा घोट घेतला.

"जी नहीं."

असं उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यांची मी लेखांत किती टर उडवली आहे! वाटलं, यांनी पुन्हा एकदा विचारावं, जरा टोकरावं. ते समाधानाने हसले, आभार मानले आणि फाईल मिटली.

मुलगा मला न्यायला आला होता. झिरकपूरच्या अलीकडे नेहमीसारखी गाडी अडकली.

"विचारलास?" त्याने रस्त्याकडे बघतच विचारलं, मराठीत.

"नाही."

त्याने मान हलवली. त्याचा जीव भांड्यात पडलेला बघायला मी थांबले होते, पण चेहऱ्यावर तसलं काही दिसेना.

"मला वाटलं होतं, तू विचारशील," तो म्हणाला. "तू कधी कुणाचं ऐकतेस?"

"अरे, तूच काढ म्हणालास ना?"

"मला तसं म्हणावंच लागणार होतं, आई."

मागून हॉर्न वाजत होते आणि पुढे सरकायला जागा नव्हती. मला रडू येत होतं आणि विचारायला एकच प्रश्न उरला होता.

"जेवलास का?"

त्याने मागच्या सीटकडे बोट दाखवलं. डबा तसाच भरलेला होता.