शिशाचा पहिला घाणा

गुणवंत कारखानीस दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. मास्क न लावता वेल्डिंग करणाऱ्याला तो साइटवरून हाकलून देई. आणि घरी, शारजात अल मजाजच्या टॉवरमध्ये, बाल्कनीत नाकाला रुमाल बांधून शिसं वितळवी.

छंद डॉक्टरांच्या सल्ल्याने लागला होता. रोजच्या ट्रॅफिकमध्ये रक्तदाब चढला, तेव्हा "काहीतरी छंद लावून घ्या" असं डॉक्टर म्हणाले. कुठला, ते म्हणाले नाहीत. तो सुचवला अजीज परकारने. अजीज मूळचा दाभोळचा, फुजैरात जहाजांना किराणा पुरवायचा आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या होडीतून गळ टाकायचा. गळ तळाला जायला शिशाचं वजन लागतं, आणि ती वजनं खडकात अडकून सारखी जातात. अजीज ती घरीच ओतायचा. त्याने गुणवंतला टायरवाल्याकडची चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी शिशाची वजनं वितळवायला पिशवीभर दिली आणि बजावलं, "शिशाचं भांडं परत चुलीवर नाय न्यायचं. कितीबी घासलंव, तरी नाय. समजलंव ना, गुणवंतभाई?"

"मी सेफ्टीतला माणूस आहे," गुणवंत म्हणाला.

साचा बाजारात मिळतो. पण स्वयंपाकघरात बिडाचं अप्पेपात्र होतं, बायकोच्या, अनुपमाच्या मामीने रुखवतात मांडलेलं. त्याचे गोल खळगे बघून गुणवंतला राहवेना. एकदाच, म्हणून त्याने ते बाल्कनीत नेलं. खळग्यांत तारेच्या कड्या उभ्या केल्या, शिशावरची मळी काढली, पळीने रस ओतला. निवल्यावर पात्र उलटं केलं तर चकचकीत वजनं टपाटपा पडली. बढती मिळाली तेव्हाही त्याला इतका आनंद झाला नव्हता.

मग ते पात्र वॉशिंग मशीनच्या मागे, जुन्या टॉवेलात राहिलं. अनुपमाने घर पालथं घातलं. "घर बदलताना हरवलं असेल," गुणवंत म्हणाला. रुखवतातल्या वस्तूचं खरं सांगण्यापेक्षा ती हरवणं त्याला सोपं वाटलं.

शाळेच्या इंटरनॅशनल डेच्या सकाळी तो नेहमीप्रमाणे दुबईच्या वाटेवर गाड्यांच्या रांगेत अडकला होता. अनुपमाचा फोन आला.

"ओळख, काय सापडलं? माझं अप्पेपात्र! मशीनच्या मागे रे. तूच कोंबलं असशील. चांगलं काथ्याने खसाखसा घासलं आणि ईशानीच्या अख्ख्या वर्गासाठी अप्पे केले. ईशू, सांग बाबांना."

"बाबा, दे आर सो यमी!"

त्या क्षणी गुणवंत जे बोलला ते पुढे त्याच्या डोक्यातून जाईना. तो म्हणाला, "अरे वा."

"चल, आत फोन बंद ठेवायला सांगतायत. यल्ला, ईशू!"

पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले. त्याने फोन लावला, बंद. पुन्हा लावला. शाळेला लावला, तर एक गोड आवाज प्रवेशासाठी एक दाबा म्हणत राहिला. यू-टर्न समोर दिसत होता, पण त्याच्या आणि यू-टर्नच्या मध्ये निम्मी शारजा उभी होती. त्याने हॉर्नवर हात दाबून धरला. शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली केली. "क्या हबीबी, उड़ के जाएगा?"

उरला वर्गातल्या आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप. अनुपमाने त्याला त्यात घातलं होतं आणि त्याने तो म्यूट केला होता. 'अप्पे आंबलेत,' त्याने लिहिलं आणि खोडलं. आंबलेले चालतात, असं कुणीतरी म्हणालंच असतं. 'भांडं जुनं आहे.' तेही खोडलं. मग साइटवरच्या नोटिशीसारखं लिहिलं: 'ईशानीच्या डब्यातले अप्पे कुणालाही खाऊ देऊ नका. त्यात शिसं आहे. ते विष आहे. त्या भांड्यात मी शिसं ओतलं होतं. गुणवंत, ईशानीचे बाबा.' हे सगळं इंग्रजीत, सगळ्या देशांच्या आयांना कळेल असं.

बराच वेळ कुणीच वाचेना. मग रेयांशची आई, जी उशिरा आल्यामुळे अजून गेटवरच होती, तिचं उत्तर आलं: 'ओ गॉड. रनिंग.'

वर्गात एकही अप्पा खाल्ला गेला नव्हता. क्लिनिकमध्ये अनुपमा पैठणीत, मांडीवर भरलेला स्टीलचा डबा घेऊन बसली होती. गुणवंत धावत आला तरी तिने मान वर केली नाही.

"घरी कुणी खाल्ले?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिने," अनुपमा म्हणाली. "सकाळी. गरमगरम. पहिल्या घाण्याचे."

शिसं ओतल्यानंतर त्या पात्रातला पहिला घाणा. त्यातच सगळ्यात जास्त उतरलं असणार, हे समजायला गुणवंतला कुठल्याच ट्रेनिंगची गरज नव्हती.

"ममा सेड ओन्ली टू," ईशानी रडवेली होऊन म्हणाली. "आय टुक वन मोअर. इज दॅट व्हाय?"

"नाही गं पिल्लू. तू काही नाही केलंस." गुणवंत तिच्यासमोर खाली बसला. "बाबाला माहीत होतं. भांडं बाबाने लपवलं होतं."

"हरवलं म्हणाला होतास," अनुपमा म्हणाली. 

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. नर्सने ईशानीच्या दंडाला रबर बांधलं. गुणवंतने हात पुढे केला. ईशानीने त्याच्याकडे पाहिलं, आणि आईचा हात धरला.